चूकदुरुस्तीतला उशीर कमी कसा करायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, बीड, धाराशिव या पट्ट्यात मी नेटवर्कची कामं करतो. टॉवरवर रेडिओ (बिनतारी नेटचं यंत्र) चढवणं, फायबर जोडणं, कोचिंग क्लासचं नेट रुळावर आणणं, आणि उरलेल्या वेळात ‘नेट लई स्लो चाललंय’ हे फोनवर ऐकणं. त्या फोनांमधले आणि आमच्याकडे शिकायला येणाऱ्या इंजिनियरिंगच्या पोरांचे प्रश्न इथे एकत्र केलेत. विषय एकच: नेटवरून जाताना जे हरवतं किंवा बिघडतं ते भरून काढायचं, म्हणजे चूकदुरुस्ती, आणि त्यात जाणारा वेळ. काही उत्तरं लांबलीत. ज्यांना फक्त घरचं नेट नीट करायचंय त्यांनी सरळ शेवटच्या तीन-चार प्रश्नांकडे जावं.

स्पीड टेस्टला १०० एमबीपीएस येतं, तरी ऑनलाइन क्लासमध्ये सरांचा आवाज तुटतो. हे कसं काय?

लातूर-पुणे मार्गावर दिवसाला किती गाड्या सुटतात हा एक प्रश्न, आणि तुमची गाडी स्टँडवर कधी लागते हा दुसरा. स्पीड टेस्ट पहिल्याचं उत्तर देते. एका सेकंदात किती माल आला ते ती मोजते. वाटेत काय हरवलं, काय परत मागवावं लागलं, कोण कोणासाठी थांबलं, हे त्या आकड्यात दिसत नाही.

आवाजाला जागा फारशी लागत नाही, १०० केबीपीएससुद्धा पुष्कळ झाले. बहुतेक कॉलमध्ये दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, निघतं, म्हणजे सेकंदाला ५०. पलीकडचं ॲप थोडा वेळ वाट बघतं आणि तेवढ्यात पॅकेट आलं नाही तर ते नाहीच असं धरून पुढे जातं. उशिरा आलेलं पॅकेट त्याच्या दृष्टीनं हरवल्यातच जमा. बोलण्यासाठी एका बाजूचा एकूण उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस सांगते. त्यापुढे गेलं की दोघं एकदमच बोलायला लागतात, मग दोघं एकदमच गप्प होतात.

‘चूक’ म्हणजे नेमकं काय बिघडतं?

दोन प्रकार. एक, बिट उलटतो: शून्याचा एक होतो. कमजोर सिग्नल, वाकलेली फायबर, शेजारच्या रेडिओचा गोंगाट, कारणं बरीच. दोन, अख्खं पॅकेट गायब होतं. बिघडलेलं पॅकेट राउटर किंवा नेटवर्क कार्ड बहुधा फेकूनच देतं, शिवाय राउटरमधली पॅकेटांची रांग भरली की चांगलं पॅकेटही फेकलं जातं. वर बसलेल्या ॲपला दोन्ही सारखंच दिसतं: १, २, ३, ५, ६. चार नंबर कुठाय?

दुरुस्तीचे मार्ग किती?

मुळात दोनच. कापूस लावणाऱ्याला ते समजावून सांगावे लागत नाहीत.

सरकी टोबल्यावर आठ-दहा दिवसांनी शेतात चक्कर मारायची, जिथे उगवलं नाही तिथे नांगे भरायचे. हा झाला परत मागवण्याचा मार्ग, नेटवर्कवाले त्याला एआरक्यू म्हणतात. बियाणं वाया जात नाही, पण नांग्यातलं झाड बाकीच्यांपेक्षा आठ-दहा दिवस मागे राहतं ते राहतंच. दुसरा मार्ग, सुरुवातीलाच एका जागी दोन सरक्या टाकायच्या. एक वाया जाईल कदाचित, पण वाट बघायची गरज नाही. हा एफईसी, म्हणजे आगाऊ भरपाई. आणि अख्खं रानच मोडून दुबार पेरणी करावी लागली तर काय होतं ते आपल्याकडे कोणाला सांगायला नको. जुन्या काही पद्धतींमध्ये एक पॅकेट हरवलं की तिथून पुढचं सगळं परत पाठवत. आता टीसीपी, म्हणजे नेटवरचा माल पोचवायची नेहमीची पद्धत, फक्त नांगे भरतं. कुठे रिकामं आहे हे नेमकं कळवण्याची सोय त्यात १९९६ साली आली.

आगाऊ भरपाईत प्रत्येक पॅकेटची जुळी पाठवावी लागत नाही, गणित त्याहून हुशार आहे. दहा पॅकेटं घ्यायची, त्यांच्यातून हिशोब करून दोन जास्तीची बनवायची, बारा पाठवायची. त्यातली कोणतीही दहा पोचली की मूळ दहा परत मिळतात. कोणती दोन हरवली याला महत्त्व नाही. भरपाई बनवायच्या अशा गणिती रीतीला कोड म्हणतात. हे रीड-सॉलोमन कोडचं काम, १९६० सालचं.

तुमच्या चहावाल्याच्या टपरीवर पेमेंटचा क्यूआर चिकटवलेला असतो ना? कोपरा फाटलेला, वर चहाचा डाग, तरी स्कॅन होतो. तोच रीड-सॉलोमन. सगळ्यात वरच्या पातळीचा क्यूआर सुमारे ३० टक्के खराब झाला तरी वाचता येतो. स्टिकर काही ‘परत पाठवा’ म्हणू शकत नाही, म्हणून भरपाई आधीच छापून ठेवलेली.

मग उशीर कशामुळे होतो? गणित सोडवायला वेळ लागतो का?

बहुतेकांना असंच वाटतं. पहिली काही वर्षं मलाही वाटायचं, म्हणून मी ग्राहकांना भारीतला राउटर घ्यायला लावायचो. त्यांची माफी मागायला हवी.

गणिताचा वेळ मायक्रोसेकंदांत असतो. वेळ जातो तो वाट बघण्यात. परत मागवण्याच्या मार्गात, हरवल्याची बातमी पलीकडे पोचून माल परत यायची वाट. आगाऊ भरपाईत, ब्लॉक, म्हणजे ज्यावरून भरपाई बनते तो पॅकेटांचा गट, पुरा भरायची वाट. क्यूआरमध्ये उशीर का जाणवत नाही? कारण अख्खा ब्लॉक एकदम कॅमेऱ्यासमोर असतो. तेच गणित आवाजाला लावा. दहा पॅकेटं अधिक दोन भरपाईची. पहिलं पॅकेट हरवलं. भरपाई दहाव्यानंतर निघणार, म्हणजे १८० ते २०० मिलिसेकंदांनी. १५० ची मर्यादा तिथेच संपली. हरवलेलं मिळालं, पण वरात निघून गेल्यावर.

आता चार पॅकेटांमागे एक भरपाई धरा. पहिलं हरवलं तर ६० ते ८० मिलिसेकंदांत परत हातात. जास्तीचा माल २० ऐवजी २५ टक्के झाला, म्हणजे जवळपास तेवढाच. मात्र आता ओळीनं दोन पॅकेटं गेली की खेळ खलास, कारण भरपाई एकच. दहा-दोनच्या ब्लॉकनं ते सहन केलं असतं.

सगळी ओढाताण इथेच आहे: किती थांबता, किती जास्तीचं पाठवता, आणि सलग किती गेलं तरी चालवून घेता. तिन्ही एकदम स्वस्तात मिळत नाहीत.

हेच गणित मात्र फायबरवर अगदी फुकट पडतं. घरोघरी येणाऱ्या जीपॉन फायबरमध्ये २३९ बाइटांमागे १६ बाइट भरपाईचे असतात. २.५ जीबीपीएसला असा २५५ बाइटांचा ब्लॉक एका मायक्रोसेकंदाच्या आत भरतो. आणि डेटा सेंटरमध्ये १०० जीबीपीएसच्या लिंकवर ५,४४० बिटांचा ब्लॉक ५४ नॅनोसेकंदांत. ब्लॉक बाइटांत मोजू नका, वेळेत मोजा, म्हणून मी पोरांना ओरडत असतो.

ब्लॉकची वाटच न बघता भरपाई करता येत नाही का?

येते, आणि थेट आवाज-चित्रासाठी हाच रस्ता योग्य. याला सरकती खिडकी म्हणा. ब्लॉक पाडायचेच नाहीत. दर काही पॅकेटांनंतर एक भरपाईचं पॅकेट सोडायचं, आणि ते नुकत्याच गेलेल्या काही पॅकेटांवरून बनवायचं. पुढचं भरपाई पॅकेट थोडं सरकून पुन्हा तेच करतं. एक पॅकेट गेलं तर पहिल्याच भरपाईत सुटतं, दोन गेली तर दुसऱ्या भरपाईपर्यंत थांबायचं. म्हणजे जेवढं नुकसान तेवढाच उशीर. ब्लॉकच्या पद्धतीत एक जाऊ दे नाहीतर दोन, शेवटापर्यंत थांबावंच लागतं.

याच्या पुढची पायरी २००४ मध्ये मार्टिनियन आणि सुंडबर्ग या दोघांनी मांडली. त्यांचा विचार असा: थेट प्रवाहात प्रत्येक पॅकेटची वेळ वेगळी असते. सगळी हरवलेली पॅकेटं एकदम सोडवण्यात अर्थ नाही, आधी हरवलेलं आधी सोडवा. सलग ‘ब’ पॅकेटं जाणार आणि तुम्ही ‘ट’ पॅकेटांइतकं थांबू शकता, तर एकूण पाठवलेल्यात उपयोगी माल जास्तीत जास्त ‘ट भागिले (ट अधिक ब)’ इतका, हे त्यांनी दाखवलं. आणि तेवढा मिळवून देणारे कोडही बनवले. आवाजात सलग २ पॅकेटं जातात आणि ६ पॅकेटं, म्हणजे १२० मिलिसेकंद थांबता येतं असं धरा. मग ८ मधले ६ भाग उपयोगी, २ भरपाईचे. तुमच्या लिंकसाठी हे सूत्र कागदावर मांडायला पाच मिनिटं लागतात. लाखाचा बॉक्स घेण्याआधी मांडा.

सगळ्यात साधा प्रकार तर तुमच्या फोनमध्ये आहेच. ओपस हा आवाजाचा कोडेक (आवाज आकड्यांत बसवणारी पद्धत) पुढच्या पॅकेटमध्ये मागच्या पॅकेटची हलक्या दर्जाची नक्कल घालू शकतो. एक गेलं तर २० मिलिसेकंदांत जाडंभरडं का होईना परत मिळतं. सलग दोन गेली तर मात्र पहिलं गेलंच.

इंटरलिव्हिंग म्हणजे काय? जुन्या ब्रॉडबँडवर ते बंद केलं की गेम चांगला चालायचा म्हणतात.

खरं आहे. गारपीट बघा, ती पट्ट्यानं येते. एका शिवाराचं वाटोळं करते आणि शेजारच्या शिवारात पान हलत नाही. तुमची चार एकर एकाच पट्ट्यात असली तर सगळं गेलं. चार शिवारांत एकेक एकर असला तर एक गेलं, तीन राहिले, वर्ष निघतं.

इंटरलिव्हिंग तेच करतं. शेजारशेजारचे बाइट लांब लांब विखरून पाठवायचे, म्हणजे गोंगाटाचा एक फटका एकाच ब्लॉकवर न बसता बऱ्याच ब्लॉकांवर थोडा थोडा वाटला जातो, आणि तेवढं प्रत्येकाला झेपतं. पण चार शिवारांतला माल गोळा करत फिरावं लागतं, त्यात वेळ जातो. तांब्याच्या तारेवरच्या एडीएसएलमध्ये, म्हणजे जुन्या ब्रॉडबँडमध्ये, यानं पिंग (पॅकेट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) १०-२० मिलिसेकंद सहज वाढायची. गेमवाली पोरं म्हणून ‘फास्ट पाथ’, म्हणजे इंटरलिव्हिंग बंद, मागायची आणि मग पावसाळ्यात ओल्या जॉइंटवर लाइन तुटली की आम्हालाच फोन. नंतर त्या तंत्रज्ञानात त्या छोट्या तारेपुरतंच परत मागवायची सोय आली आणि खोल विखुरण्याची गरज उरली नाही.

परत मागवणं वाईट आणि आगाऊ भरपाई चांगली, असं समजायचं का?

नाही. अंतर बघा.

फायबरमध्ये प्रकाश किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद घेतो. लातूरहून मुंबईला तार वळसे घेत ५०० किलोमीटर होते असं धरलं तर जाऊन-येऊन ५ मिलिसेकंद. पिंगला २०-३० दिसतात ते रांगांचे आणि मधल्या थांब्यांचे. एवढ्यात एकदा परत मागवलं तरी कॉलला धक्का लागत नाही. टॉवर ते गाव ८ किलोमीटर असेल तर हवेतून जायला २७ मायक्रोसेकंद, तिथे परत मागवणं जवळपास फुकटच. सर्व्हर अमेरिकेत असेल तर एका फेरीला २०० च्या पुढे, मग आगाऊ भरपाई हवी. उपग्रहाचं तर विचारूच नका. ३५,७८६ किलोमीटरवरच्या भूस्थिर उपग्रहावरून वर-खाली एकदा जायलाच साधारण २४० मिलिसेकंद, उत्तर यायला तेवढेच परत. तिथे थेट आवाजासाठी मागवत बसणं म्हणजे सोयाबीन काढणीला आल्यावर नांगे भरणं.

आमच्या गावात टॉवरवरून रेडिओचं नेट येतं. पॅकेट लॉस शून्य दिसतो, तरी संध्याकाळी पिंग उड्या मारते.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा बैजवार सांगतो.

रेडिओ स्वतःच परत पाठवत असतो. वायफाय असो की ५ गिगाहर्ट्झचा लांब पल्ल्याचा रेडिओ, पोच आली नाही की तो पुन्हा पाठवतो, दरवेळी आधी थोडं थांबून. वरून बघणाऱ्याला लॉस शून्य दिसतो, कारण लॉसचं रूपांतर उशिरात झालेलं असतं. त्यातून एका घराचा सिग्नल कमजोर असला तर त्याच्यासाठी रेडिओ हळू गतीनं, पुन्हा पुन्हा बोलत बसतो आणि बाकीचं गाव रांगेत उभं राहतं.

अंबाजोगाईजवळच्या एका गावाला आमची साधारण ८ किलोमीटरची लिंक आहे. मार्च महिन्यात पिंग ३ मिलिसेकंद, घड्याळासारखी. जुलैच्या शेवटाला संध्याकाळी १८० पर्यंत जायला लागली. आम्ही फर्मवेअर बदललं, चॅनेल बदललं, एकदा अख्खा रेडिओ बदलला. शेवटी टॉवरवर चढून दुर्बिणीनं बघितलं तर मधल्या वस्तीवरचा कडुलिंब. उन्हाळ्यात छाटलेला होता, पावसानं फुटला होता. लिंक दिसत होती, आड काहीच आलेलं नव्हतं, आणि तिथेच आम्ही फसलो. ८ किलोमीटरच्या लिंकला मधोमध साधारण १० मीटर त्रिज्येची जागा मोकळी लागते. नुसती नजर पोचून भागत नाही, आणि ओली पानं ५ गिगाहर्ट्झला चांगलंच खातात.

झाड तोडा म्हणायची सोय नव्हती, त्या वस्तीवरची आजी त्याच्याखाली दुपारी झोपायची. म्हणून दोन गोष्टी केल्या. रेडिओची गती आपोआप ठरू न देता दोन पायऱ्या खाली बांधून टाकली. वेगानं बोलून पाच वेळा चुकण्यापेक्षा सावकाश बोलून एकदाच पोचलेलं बरं. खालच्या गतीत भरपाईचा वाटाही जास्त असतो. दुसरं, परत पाठवायच्या प्रयत्नांची मर्यादा कमी केली. पिंग ६-७ वर आली आणि तिथेच राहिली. स्पीड टेस्टचा आकडा ८० वरून ५५ झाला. एक जण अजून त्यावरून भांडतो.

एका कंपनीचा ‘झिरो लॉस’ बॉक्स घ्यावा का?

नाव घेत नाही, पण असा एक बॉक्स आम्ही लातूरच्या एका क्लाससाठी घेतला होता. दोन कंपन्यांच्या लाइन जोडायच्या, वर भरपाईची पॅकेटं घालायची, लॉस शून्य. लॉस खरंच शून्य झाला. स्पीड टेस्ट झकास. आणि दुसऱ्याच दिवशी तिथल्या फिजिक्सच्या सरांचा फोन: “अहो, मी प्रश्न विचारतो, कोणी बोलत नाही म्हणून पुढे जातो, आणि मग मागच्या प्रश्नाची उत्तरं यायला लागतात!”

दोन दिवस आम्ही लाइनवाल्यांना शिव्या घातल्या. मग बॉक्सचं आतलं सेटिंगचं पान उघडलं. ब्लॉक ६४ पॅकेटांचा. ब्लॉक भरेपर्यंत किंवा २०० मिलिसेकंद होईपर्यंत सगळं धरून ठेवायचं, मूळ पॅकेटंसुद्धा. आता हिशोब करा. स्पीड टेस्ट चालू असताना १०० एमबीपीएसला सेकंदाला आठ हजारांवर पॅकेटं धावतात, ६४ जमायला ८ मिलिसेकंदही लागत नाहीत. पण विद्यार्थी नुसता बोलतो तेव्हा सेकंदाला ५०. ब्लॉक भरायला सव्वा सेकंद लागला असता, म्हणून दरवेळी २०० चा टायमर संपेपर्यंत आवाज आत कोंडलेला. लाइन जितकी रिकामी, तितका उशीर जास्त! म्हणून रात्री अकराला एकट्यानं तपासताना आमचं डोकं फिरलं होतं.

ब्लॉक ८ चा केला, टायमर २० चा, आणि मूळ पॅकेटं न अडवता लगेच सोडायची खूण लावली. कोणताही असा बॉक्स घेताना हे एकच विचारा: मूळ पॅकेटं तशीच पुढे जातात का, की भरपाईसाठी अडवली जातात? विकणाऱ्याला प्रश्नच कळला नाही तर घेऊ नका. टायमर लहान केला की कमी वाहतुकीत जास्तीची पॅकेटं जवळपास दुप्पट होतात, हे खरं. पण तेव्हा लाइन रिकामीच असते, कोणाचं काय जातं?

लॉस वाढला की भरपाईही वाढवायची, बरोबर?

लॉस कशामुळे आहे ते आधी बघा. हवेतल्या गोंगाटामुळे असेल तर वाढवा. रांग भरून पॅकेटं सांडत असतील तर वाढवलेली भरपाई म्हणजे आगीत तेल. सांडणाऱ्या हौदात आणखी एक नळ सोडल्यासारखं.

ओळखायचं कसं? लॉस होण्याआधी पिंग चढत गेली असेल तर रांग. पिंग जागच्या जागी आणि मध्येच पॅकेट गायब, तर गोंगाट किंवा जॉइंट.

५जीमध्ये काय वेगळं?

मोबाइलचं जाळं दोन्ही मार्ग एकत्र वापरतं. सातबाऱ्याच्या दोन खराब झेरॉक्स घ्या, एकीत वरचा गट क्रमांक पुसलेला, दुसरीत खालचं नाव. एकावर एक ठेवून उजेडात धरलं की पान वाचता येतं. मोबाइल तसाच बिघडलेला तुकडा फेकत नाही, जपून ठेवतो आणि परत आलेल्या तुकड्याशी जुळवतो. ४जीत बहुधा ही एक फेरी ८ मिलिसेकंदांची. ५जीत वेळेचे तुकडे लहान केल्यामुळे ती बरीच खाली येते.

५जीत डेटासाठी एलडीपीसी कोड आहे आणि नियंत्रणाच्या छोट्या संदेशांसाठी पोलर कोड. एलडीपीसी रॉबर्ट गॅलेगर यांनी १९६० च्या सुमाराला शोधला आणि तो तीसेक वर्षं जवळपास पडून होता, कारण तो सोडवायला तेव्हाची यंत्रं पुरी पडत नव्हती. पोलर एर्दाल आरिकान यांचा, २००९ सालचा.

दुकानात पेमेंट करताना कधीकधी नुसतं गोल गोल फिरतं. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

कारणं बरीच असतात, बँकेचा सर्व्हर धरून. पण त्यातलं एक इथलं आहे. टीसीपीला पॅकेट हरवल्याचं कळतं ते मागून आलेल्या पॅकेटांमुळे. पाच, सहा, सात आले आणि चार नाही, म्हणजे चार गेलं. पेमेंटचा संदेश असतो दोन-चार पॅकेटांचा. त्यातलं शेवटचंच हरवलं तर मागून कोण सांगणार? मग पाठवणारा घड्याळ लावून बसतो. कागदोपत्री नियम किमान १ सेकंदाचा, लिनक्स ही संगणक प्रणाली २०० मिलिसेकंदांवर समाधान मानते, आणि दरवेळी चुकलं की मुदत दुप्पट. यावर उपाय म्हणून शेवटचं पॅकेट थोड्या वेळानं आपणहून पुन्हा पाठवून बघायची पद्धत आली, २०२१ च्या आरएफसी ८९८५ या इंटरनेटच्या नियमांच्या कागदात ती लिहिलेली आहे.

त्याच वर्षी क्विक हा टीसीपीसारखाच माल पोचवायचा नवा प्रोटोकॉलही प्रमाण झाला. टीसीपीत एक पॅकेट अडलं की मागचं सगळं अडतं, अरुंद बोळात बैलगाडी अडल्यासारखं. क्विकमध्ये प्रत्येक प्रवाहाचा बोळ वेगळा. गंमत म्हणजे गूगलच्या सुरुवातीच्या क्विकमध्ये साधी आगाऊ भरपाई होती, ती फायद्याची ठरली नाही म्हणून काढून टाकली. सलग गेलेल्या पॅकेटांपुढे एका भरपाईचा टिकाव लागत नाही, हे वर आलंच आहे.

घरी आम्ही नेमकं काय करावं?

आधी लॅपटॉप तारेनं राउटरला जोडून बघा. उड्या बंद झाल्या तर दोष वायफायचा. राउटर कपाटातून, फ्रीजमागून बाहेर काढा. तारेवरही उड्या असतील आणि त्या घरात कोणी व्हिडिओ अपलोड करतानाच येत असतील, तर रांगेचा दोष. राउटरमध्ये एफक्यू-कोडेल किंवा केक नावाची रांगेची सोय असेल तर ती चालू करा आणि वेगाची मर्यादा लाइनच्या वेगापेक्षा दहा टक्के कमी ठेवा. बहुतेक घरांचं काम इथेच भागतं, कोड-बिड काही लागत नाही.

रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडली. कोणता कोड चालेल?

कोणताच नाही. फायबर सांधायचं स्प्लायसिंग मशीन घेऊन खड्ड्यात बसावं लागतं. दुसऱ्या रस्त्यानं आलेली दुसरी लाइन असेल तर ठीक, पण ती खरंच दुसऱ्या रस्त्यानं आलीय का ते चालत जाऊन बघा. आमच्या ‘दोन’ लाइन एकाच नालीत निघाल्या होत्या.

इंजिनियरिंगच्या प्रोजेक्टला हा विषय घ्यावा का?

घ्या, खर्च शून्य. दोन जुने लॅपटॉप, लिनक्स, आणि त्यातलं नेटएम. नेटएमनं हवा तेवढा उशीर आणि लॉस घालता येतो. फक्त लॉस ‘२ टक्के, कुठेही’ असा घालू नका. खरा लॉस झुंडीनं येतो. गिल्बर्ट आणि इलियट यांची चांगला काळ-वाईट काळ अशी दोन अवस्थांची पद्धत नेटएममध्ये आहे, ती वापरा. मग ब्लॉक कोड आणि सरकती खिडकी, दोन्ही सारख्याच जास्तीच्या मालावर पळवा. सरासरी उशीर देऊ नका. शंभरातलं सगळ्यात उशिरा आलेलं पॅकेट किती मागे होतं ते द्या, कारण कॉल तुटतो तो त्याच्यामुळे.

आणि व्हायव्हात ‘हे सुरू कोणी केलं’ असं विचारलं तर रिचर्ड हॅमिंग यांची गोष्ट सांगा. बेल लॅब या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेतलं गणनयंत्र सुट्टीच्या दिवशी चूक सापडली की त्यांचं काम तिथेच सोडून पुढचं घ्यायचं. सोमवारी येऊन बघावं तर काम तसंच. यंत्राला चूक झाल्याचं कळतं, तर कुठे झाली ते का कळू नये, या वैतागातून त्यांचा कोड निघाला, १९५० साली छापला गेला.

तुम्हाला फोन करताना काय माहिती द्यावी?

स्पीड टेस्टचा फोटो पाठवू नका. किती वाजता होतं, तारेवर की वायफायवर, पाऊस होता का, हे सांगा. पाच मिनिटं पिंग चालू ठेवा आणि त्यात कोणते क्रमांक गायब आहेत ते कागदावर लिहा: ४१, ४२, ४३ असे सलग, की ४१, ११७, २०३ असे विखुरलेले. दुपारी एक ते तीन फोन करू नका, तेव्हा मी टॉवरवर तरी असतो नाहीतर जेवत तरी.